वरच्या दोरीची काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो, आणि काठी म्हटल्यावर तुमच्यातल्या काहींनी पाठ चोरली ती मी पाहिली. घाबरू नका. मी मारकुटी नव्हे. म्हाताऱ्यांना टेकायला लागते ती काठीही मी नव्हे. मी कपडे वाळत घालायची काठी. छताजवळच्या उंच दोरीवर ओली चादर चढवायची, पसरायची आणि वाळली की अलगद उतरवायची, हे माझं काम. त्याला कुणी मोठं काम म्हणत नाही. पण कोरडा कपडा अंगात न घालता एकाने तरी घराबाहेर पाऊल टाकून दाखवावं.

माझा जन्म डोंगराच्या उतारावर, बांबूच्या बेटात झाला. आम्ही भावंडं एका मुळाची. एक भाऊ शिडीला गेला, एक बहीण टोपल्या विणणाऱ्याकडे गेली, धाकटा झेंड्याला लागला. त्याला लोक सलाम करतात. मी धुण्याला लागले. असो, ज्याचं त्याचं नशीब. पण तो कधीमधी उभा राहतो आणि मी रोज, एवढं सांगून ठेवते.

बांबूवाल्याने माझी पेरं घासून गुळगुळीत केली आणि टोकाला खाच पाडली. मला विकत घेतलं ते एका नव्या नवरीने. आज तिला सगळे आजी म्हणतात, पण तेव्हा ती माझ्यापेक्षाही सडसडीत होती. तिने मला उचलून, वाकवून, झटकून पाहिलं. बांबूवाला म्हणाला, "बाई, तुमच्या मागेही टिकेल ही."

"माझ्या मागचं मागे बघू," ती म्हणाली. "ओली चादर पेलेल का ते सांग."

तिथेच आमचं जमलं.

तिचं घर वरच्या मजल्यावर, गॅलरी अरुंद गल्लीवर उघडणारी, समोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीच्या गॅलऱ्या. आजी कपडा असा पसरायची की इस्त्रीने लाजावं. शर्ट एकीकडे, चादरी एकीकडे, लहान कपडे आतल्या दोरीवर. समोरच्या बायका आपल्या सुनांना आमची दोरी दाखवत. आम्हा दोघींनाही त्याचा फार गर्व होता.

आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. माणूस भला, पण मला त्यांनी हात लावला तो एकदाच, घरात वटवाघूळ शिरलं तेव्हा. आजी धुणं, स्वयंपाक, लेकरं सांभाळून दुपारी एका शिंप्याच्या शर्टांना बटणं लावून द्यायची. तिच्या बटणांवर पोरांची पुस्तकं यायची. पण कुणी विचारलं, तुमच्या मंडळी काय करतात, तर आजोबा म्हणायचे, "काही नाही, घरीच असते." आजी ते ऐकायची आणि चादर जरा जोरात झटकायची. मला कळायचं.

आजोबा गेले. मुलगी प्राध्यापक होऊन सासरी गेली. मुलगा छापखान्यात मशीन चालवू लागला, आणि त्याने लग्न करून आणली ती दवाखान्यातली नर्स. दोघांची नोकरी, त्यात एक लेक झाली, चिमणी. सकाळी घरात नुसती पळापळ. तेव्हा एक दिवस मुलानेच मला उचललं. उंच माणूस, मोकळा हात, वर तोंडाने शीळ. मला फार आवडायचं त्याच्या हातात. कपडे मात्र तो कसेही टाकायचा. बाह्या उलट्या, चादरीचं एक टोक लोंबतं. तो कामावर गेला की आजी यायची, सगळं उतरवायची आणि पुन्हा घालायची. कधी आजीला सवड नसली तर सून ते करायची. दोघी हसायच्या. तो संध्याकाळी म्हणायचा, "माझी दोरी पुन्हा मोडली का तुम्ही?" आणि तोही हसायचा.

समोरच्या बायका सुनेला म्हणायच्या, "नशीब काढलंस, नवरा काठी धरतो." ती बाकीचं सगळं करायची म्हणून नवऱ्याने नशीब काढलं, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

मग छापखाना बंद पडला.

आता मला वाटलं, हा घरीच आहे, तर माझी चैन. झालं उलटंच. त्याने मला हात लावणं सोडलं. बादली भरलेली असायची, तो खुर्चीवर बसलेला असायचा, आणि नजर चुकवायचा. मी कोपऱ्यात. जो माणूस नोकरीला होता तेव्हा शीळ घालत धुणं वाळत घालायचा, तो रिकामा झाल्यावर धुण्याला घाबरला.

त्याला कारण होतं. समोरच्या गॅलरीत एक काका बसायचे. जन्मभर नाटकगृहाच्या दारावर तिकिटं फाडली, म्हणून सगळे त्यांना दारवाले काका म्हणायचे. आत कोण जातं, बाहेर कोण येतं, हे बघायची सवय त्यांची सुटली नव्हती. छापखाना बंद झाल्यावर मुलगा पहिल्यांदा मला घेऊन गॅलरीत आला, तेव्हा ते म्हणाले, "काय रे, आता हीच ड्यूटी का?"

एवढंच. पण आजी आतून धावत आली आणि तिने त्याच्या हातातून मला काढून घेतलं. "दे इकडे. लोक बघतात." लेकाची लाज झाकायला धावली बिचारी, आणि लाज आहे हे सगळ्या गल्लीला कळवून बसली.

आता धुणं सुनेवर. कामावरून आली की पाय धुवायच्या आधी ती मला उचलायची. आजीचा खांदा धरला होता, तिचा हात डोक्याच्या वर जात नव्हता. अशात सुनेला दवाखान्यात हेड नर्स होणार का, असं विचारलं. तिने जन्मभर वाट पाहिली असेल त्याची. पण पाळी पहाटेची. चिमणी उठायच्या आत घर सोडायचं. सोमवारी सांगायचं होतं, हो की नाही.

शनिवारी संध्याकाळी ती चादर चढवत होती. ती आजीला म्हणाली, "आई, मी नाही सांगून टाकते."

"का गं?"

"चिमणीला कोण उठवणार, कोण शाळेत सोडणार? आणि हे?" म्हणत तिने बादलीकडे बघितलं. खोलीत मुलगा बसला होता. त्याला ऐकू गेलं.

रविवारी चिमणीची आत्या आली, आजीची लेक. ती कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. नवराबायको काम कसं वाटून घेतात, हेच तिचं शिकवायचं. आजीने तिच्यापुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं, गॅलरीतच, माझ्याशेजारी.

आत्या म्हणाली, "आई, ह्याच्यावर मतं आहेत. काही म्हणतात, ज्याच्याकडे वेळ जास्त, तो घरकाम जास्त करतो. काही म्हणतात, ज्याचा पगार जास्त, त्याची घरकामातून सुटका."

"मग तुझा भाऊ दोन्हीकडून सापडला," आजी म्हणाली. "तरी बसलाय ना."

"म्हणून तिसरं मत आहे. माणूस घरकाम करतो किंवा टाळतो, ते चारचौघांना दाखवायला, की मी बाई आहे, मी पुरुष आहे. नोकरी होती तोवर त्याला वेगळं काही दाखवायची गरज नव्हती. आता तेवढंच उरलंय, की मी धुण्याला हात लावत नाही."

आजीने जरा विचार केला. "हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी धुणं कोण करतं?"

आत्या हसली. "ते पुस्तकात नाही." मग हसू आवरून म्हणाली, "आई, एक विचारू? रागावू नकोस. त्याने घातलेले कपडे उतरवून पुन्हा कोण घालायचं? आणि त्या दिवशी त्याच्या हातातून काठी कुणी काढून घेतली?"

आजी नुसती माझ्यावरून हात फिरवत राहिली.

सोमवारी सकाळी सून गणवेश घालत होती. दोरी रिकामी होती, बादलीत धुणं तसंच. मुलगा उठला, बादली उचलून गॅलरीत आला आणि मला हातात घेतलं. आजी दारात आली. सवयीने तिचा हात पुढे झाला. मग तिने तो मागे घेतला, पदरात गुंडाळला आणि उंबऱ्यातच बसून राहिली.

समोरून काका म्हणाले, "काय रे, आज पुन्हा?"

मुलाने शर्ट वर चढवला. "हो काका. कपडे वाळत घालतोय. उद्याही घालणार. ती पहाटे जाणार आहे ना."

काकांनी मान वर करून दोरी पाहिली. मग हळूच म्हणाले, "बाही अडकलीय बघ तुझी."

त्याने मला तिरकं करून बाही सोडवली.

"आमची ही गेल्यापासून मी आतच वाळत घालतो," काका म्हणाले. "खुर्च्यांच्या पाठींवर. कुबट वास येतो रे कपड्यांना."

"मग बाहेर घाला की. ऊन काय फक्त बायकांचं आहे?"

काका उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोरीवर एक पायजमा होता, उलटा, पण उन्हात.

तर त्या सोमवारी, काका आत गेले तेवढ्यात सून बाहेर आली. तिने वर पाहिलं. चादरीचं टोक लोंबत होतं, चिमणीचा फ्रॉक एका खांद्यावर टांगलेला. तिचा हात माझ्याकडे आला, मला लागला, आणि थांबला. "राहू दे," ती स्वतःशीच म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "चिमणीची वेणी घट्ट घाल, नाहीतर शाळेत सुटते. मी हो सांगून येते."

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. चिमणीची लस कधी, साबण कधी संपणार, हे अजून सुनेच्याच डोक्यात असतं. ते धुणं कुठल्या काठीने उतरवायचं, मला माहीत नाही. मुलाला दुसऱ्या छापखान्यात काम मिळालं तेव्हा मला धाकधूक होती, की आता पुन्हा मी बायकांच्या वाट्याला. पण त्याने दुपारची पाळी मागून घेतली. सकाळ माझी आणि त्याची. शीळही परत आली आहे. दोरी अजून वाकडीच असते. माझा गर्व त्यात गेला, पण कपडे वाळतात.

मी आता चिरले आहे. मधोमध चिंधी बांधली आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण दाराआड उभी असेल. तिला उन्हात टाकू नका, पावसात भिजवू नका, आणि एकाच्याच हातात जन्मभर ठेवू नका. कुणी वाकडं घातलं तर घालू द्या. हसा, पण त्याच्या हातातून काठी काढून घेऊ नका.

आता ऐकत काय बसलात? बादली भरलेली आहे. उठा.