पायऱ्यांवरचा उतार

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, घरात चाकाची खुर्ची आली आणि मागच्या दाराच्या दोन पायऱ्या आडव्या आल्या. "लाकडी उतार मी बांधतो," धाकट्या दिराने छाती ठोकून सांगितलं. वाळवी लागू नये म्हणून कारखान्यातच औषध मुरवलेल्या हिरवट फळ्या त्याने आणल्या आणि पहिल्याच सकाळी विजेच्या करवतीची दोन पाती जाळली.

मोठी सून शाळांची बाकं दुरुस्त करायची. वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकलेली. ती घरी आली तेव्हा खोलीत धूर होता आणि दीर डोक्याला हात लावून बसला होता.

"लाकूडच खराब निघालं, वहिनी. दुकानदाराने टोपी घातली."

तिने फळी उचलून पाहिली. चांगलीच जड होती.

"लाकूड उत्तम आहे, भाऊजी, पण ओलं आहे. आणि हे पातं प्लायवूडचं. इतक्या बारीक दात्यांत ओला भुसा गच्च बसतो, मग पातं तापतं. शिवाय घरात कापताय? हा भुसा छातीत गेला तर आईंच्या शेजारी तुमची खाट टाकावी लागेल."

फळ्या अंगणात गेल्या. मधे पट्ट्या ठेवून तिने त्या पंधरा दिवस वाळत टाकल्या.

"पंधरा दिवस? आईला काय सांगू?"

"मला कशाला सांगतोस?" आतून आवाज आला. "मी कुठे पळून चालले आहे?"

सोळाव्या दिवशी तिने प्लग काढून चोवीसच मोठ्या दात्यांचं, टणक कार्बाइडच्या टोकांचं पातं बसवलं. दोघांनी मास्क आणि चष्मे लावले. फळीच्या टोकाला लेबलाची पिन होती, ती तिने पकडीने उपटली. "ही लागली असती तर पात्याचा दाताच उडाला असता." कापायचं टोक मोकळं लोंबतं ठेवलं, म्हणजे काप मिटून पातं आवळलं जाणार नाही. करवतीने पूर्ण वेग घेतल्यावरच ती फळीला टेकवली.

"जोर द्या ना, वहिनी!"

"जोर तुम्ही देऊन पाहिलात."

काप सरळ आला, कुठेही काळा डाग नाही. तिने करवत त्याच्या हातात दिली. पहिल्या फळीला तो अवघडला. चौथ्या फळीपर्यंत शीळ घालायला लागला. कापलेल्या टोकांना तिने ब्रशने औषध लावलं. उरलेले तुकडे तो शेगडीकडे न्यायला निघाला, तशी ती ओरडली, "जाळायचे नाहीत! धूर विषारी असतो." मग ते कचऱ्याच्या पोत्यात गेले.

संध्याकाळी उतार तयार झाला. खुर्ची धरायला दीर मागे उभा राहिला, तर सासूबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. चाकं स्वतः आवरत त्या हळूहळू अंगणात उतरल्या आणि थेट फाटकाशी जाऊन थांबल्या.

"बघत काय उभे राहिलात?" त्या म्हणाल्या. "उघडा की!"