कॉम्प्युटरची खंडेनवमी

धुरपताबाईंचा हात मुळातच सढळ. भाजीला तेल म्हणजे वर बोटभर तवंग आणि पाहुण्याला चहा म्हणजे बशीसकट भरलेला. खंडेनवमीच्या दिवशी अशा बाईच्या हातात नारळाची करवंटी द्यावी की नाही, याचा विचार घरच्यांनी आधीच करायला पाहिजे होता. पण केला नाही, आणि मग जे व्हायचं ते झालं.

गंगाखेडातल्या त्यांच्या अंगणात सकाळीच नांगराचा फाळ, विळे, खुरपी, विहिरीवरची मोटार असं सगळं धुऊन-पुसून मांडलं होतं. हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं, दगडावर नारळ फोडून त्याचं पाणी हत्यारांवर शिंपडायचं, ही घरची रीत. अंगणातलं उरकून बाई पुढच्या खोलीत आल्या. तिथं सुनेचा, पद्मजाचा, टायपिंग क्लास होता. टाइपरायटरांच्या शेजारी टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर बसला होता आणि पूजेच्या वेळी देवाला हिरवी अक्षरं दिसावीत म्हणून पद्मजानं तो मुद्दाम चालू ठेवला होता.

बाईंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. आता दोन थेंब शिंपडायचे की नाही? पण सगळ्यात नव्या हत्याराला हात आखडता घ्यायचा, हे काही त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी करवंटीच कीबोर्डवर उपडी केली.

“आत्याबाई!” पद्मजा एवढ्या मोठ्यानं ओरडली की अंगणातली मांजर माळवदावर गेली. तिनं धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं, वायर उपटली, कीबोर्ड सोडवला आणि तसाच पालथा धरला. पाणी टपाटपा फरशीवर पडलं.

“आगं बया! काय झालं गं?”

“आत पाणी गेलंय. आता वाळल्याशिवाय कुणी बटण लावायचं नाही. ओल्यात करंट गेला की जळालंच म्हणून समजा.”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. कारण उद्या दसरा. उद्या संध्याकाळी सोनं द्यायला येणाऱ्या पोरींच्या आयाबापांना पद्मजा कॉम्प्युटर चालवून दाखवणार होती. आधी डोळ्यांनी बघू आणि मगच पोरींना क्लासात घालू, असं सगळ्यांचं म्हणणं. क्लास भरला तर लेक भुजंग आणि पद्मजा इथंच राहणार, नाहीतर दिवाळी झाली की बिऱ्हाड औरंगाबादला. भुजंगला तिथल्या कंपनीत नोकरी चालून आली होती. त्यात पद्मजाचं माहेरही तिथलंच. पोरीचं मन तिकडं ओढत असणार, असं बाईंना सारखं वाटायचं. तसं झालं तर एवढ्या घरात दोघंच म्हातारे एकमेकांची तोंडं बघत बसायचे, आणि हे आपल्याच हातानं झालं, या विचारानं त्यांना रडू यायला लागलं.

पद्मजाला मात्र रडायला फुरसत नव्हती. तिनं सासऱ्यांना, गोविंदरावांना, गॅरेजवर बॅटरीचं पाणी आणायला पिटाळलं. ते बाटली घेऊन आले, पण डोकं खाजवतच.

“पाण्यानं बिघडलं आन तू पाण्यानंच धुवायलीस?”

“मामाजी, नारळाचं पाणी गोड असतं. वाळलं की बटणं चिकटून बसतील. नळाच्या पाण्यातला क्षारही आत राहतो. हे बॅटरीत घालायचं, क्षार काढलेलं पाणी, मागं काही ठेवत नाही. पुण्याला कॉम्प्युटरच्या कोर्सात शिकवलं होतं आम्हाला.”

तिनं स्क्रू काढले आणि बटणं एकेक करून उचकटली. पीठ चाळायच्या चाळणीत ती धुतली आणि धोतरावर सांडग्यांसारखी पसरली. आतली पट्टी बॅटरीच्या पाण्यानं हलक्या हातानं धुऊन, मऊ कापडानं टिपून सावलीत पंख्याखाली ठेवली.

एव्हाना गल्लीत बोभाटा झालाच होता. शेजारची मनकर्णा तांदळाचा डबाच घेऊन आली. “ह्यात पुरून ठिवा की!”

“तांदळाची भुकटी आत जाईल, मावशी.”

“मंग उन्हात ठिवा,” गोविंदराव म्हणाले.

“प्लॅस्टिक वाकडं होईल.”

“मंग निदान एकदा बटण लावून बघू. जित्तं हाय का न्हाई तेवढं तरी कळंल!”

आणि माणूस उठलाच! तशा धुरपताबाई पाट घेऊन भिंतीवरच्या बटणाखाली जाऊन बसल्या. “जरा सबूर करा. हिकडं आलात तर बगा. आज तुमाला जेवायला न्हाई.”

गोविंदराव परत खाली बसून तंबाखू मळायला लागले. दुपारी वीज गेली, तर बाईंनी विंझणा घेतला आणि हात भरून येईपर्यंत त्या कीबोर्डला वारा घालत बसल्या. पंखा पुन्हा फिरायला लागला तेव्हा खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी बाईंचाच धीर सुटला. झालं ते झालं, पण एकदाचा जीव तरी टांगणीवरून उतरू दे, असं म्हणून त्या उठल्या. वायर लावली. कीबोर्डही कुठं जोडायचा ते त्यांनी हेरून ठेवलं होतं, तोही जोडला. बोट बटणावर टेकलं. मग स्वतःलाच एक शिवी हासडून त्यांनी सगळं होतं तसं सोडवलं आणि पाटावर येऊन बसल्या.

दसऱ्याच्या संध्याकाळी पुढची खोली माणसांनी भरली. राणीसावरगावचे आश्रुबा लेकीला, कावेरीला, घेऊन आले होते. पद्मजानं बटणं आपापल्या जागी बसवली, वायर लावली आणि बटण दाबलं. बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

टकटक ऐकू आली. मग आश्रुबांचा आवाज आला, “आरं तिच्या! आमच्या कावेरीचं नाव उमटलं की! लिवा, हिचं नाव आदी लिवा क्लासात!”

बाईंनी डोळे उघडले. काचेवर हिरवी अक्षरं लकलकत होती. एकामागून एक पोरींची नावं आली. क्लास भरला, म्हणजे खरोखर भरला. भुजंगनं तिथंच सांगून टाकलं की औरंगाबादला नाही म्हणून कळवतो.

सगळे गेल्यावर धुरपताबाई सुनेजवळ गेल्या. “पद्मे, चुकलं माजं. तू आता जाणार असंच वाटायलं होतं मला. तुजं माहेर तिकडं...”

पद्मजा हसली. तिनं कीबोर्डवर स्वच्छ फडकं घातलं.

“आत्याबाई, मला जायचंच असतं तर ओल्यात बटण लावायचं नाही, असं काल सांगितलं असतं का?”

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदमच आलं.

“मंग कालच सांगायला काय झालं हुतं गं भवाने!” असं म्हणून त्यांनी सुनेला पोटाशी धरलं.