गैरहजर धरून पाच

“काका, सरासरी येईल कशी? एक पोरगी गैरहजर आहे ना तुमची,” मृण्मयी म्हणाली.

मी स्क्रीनकडे बघितलं. चार मुलींचे गुण मी एका ओळीत घातले होते. बासष्ट, एकाहत्तर, मग गैरहजर मुलीच्या जागी NA, शेवटी अठ्ठावन्न. सरासरी विचारली तर यंत्रानं उत्तरही NA असंच दिलं. तिघी इमानेइतबारे पेपर लिहून गेल्या, त्याचं त्याला काही नाही. चौथी कुठं आहे ते आधी सांगा, मग बोलू. मला ते आडमुठं वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडलंही.

मी रेणुकादास, लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या निकाल विभागातला कारकून, वय चौपन्न. पोरं आठ हजारांवर गेली तशी आमची जुनी पद्धत रोज कुठंतरी अडकायला लागली. मग संचालकांनी नांदेडहून मृण्मयीला आणलं आणि यापुढे निकाल ‘आर’ नावाच्या भाषेत लागतील असं जाहीर केलं. ती माझ्या मुलीच्या वयाची. रोज सकाळी तासभर मला शिकवायची आणि मी शंकांची वही घेऊन बसायचो. आकड्यांच्या आधी c आणि कंस कशाला? रांगेतल्या पहिल्याचा क्रमांक एकच ना, शून्य नाही? गुणांच्या रांगेत चुकून एक नाव घातलं तर सगळे आकडे अवतरणचिन्हांत का जातात?

“व्हेक्टरमध्ये, म्हणजे अशा एका रांगेत, सगळे एकाच जातीचे लागतात, काका. सरमिसळ बसवायची तर लिस्ट करायची.”

“मग लिस्टच बरी,” मी म्हणालो होतो, आणि ती हसली होती.

आज मात्र तिला घाई होती. “सोपं आहे. इथं na.rm लिहायचं अन् त्याला TRUE म्हणायचं. जी नाही तिला काढून टाकतं अन् उरलेल्यांची सरासरी देतं.” तिनं बोटं चालवली आणि त्रेसष्ट पूर्णांक सदुसष्ट आले. “झालं.”

“काढून टाकलं म्हणजे पुसलं?”

“पुसलं नाही हो. सरासरीत धरलं नाही, इतकंच. असं काय बघून राहिले तुम्ही?”

“मग या ओळीत आता आहेत किती जणी?”

तिनं length लिहून दाखवलं. चार. “हे गैरहजर पण मोजतं. रिकामी असली तरी जागा ती जागाच.”

मी वही मिटली. त्या दिवशी पुढचं काही डोक्यात शिरलं नाही.

त्र्याण्णव साली मी चोवीस वर्षांचा होतो, तहसील कचेरीत नुकताच हंगामी कारकून म्हणून लागलेला. भूकंपानंतर पाचव्या दिवशी मला औशाच्या पुढच्या एका गावात पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं आणि गेलेल्या माणसांची यादी करायला सांगितलं. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कागद दमट, शाई फुटायची, म्हणून पेन्सिलीनं लिहीत होतो. रांगेत एक विशीतली बाई आली, एक हात गळ्यात बांधलेला. बाळंतपणाला माहेरी आलेली. वडील शिवप्पा, आई दानम्मा, भाऊ गुरुपादप्पा, भावजय नीलम्मा. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो.

“अन् माझी पोरगी,” ती म्हणाली. “धा दिसाची.”

“नाव?”

“बारसं न्हाई झालं. परवा आत्या येनार व्हती.”

“काही ठरवलं असेल ना?”

तिनं होकारार्थी मान हलवली, पण नाव काही उच्चारलं नाही. बारशाआधी नाव तोंडातून काढायचं नाही, आत्यानंच ते पहिल्यांदा बाळाच्या कानात सांगायचं, अशी त्यांच्या घरची रीत. घर गेलं, बाळ गेलं, तरी ती रीत तिला मोडवेना. मी नावाच्या रकान्यात आडवी रेघ ओढली आणि पुढे लिहिलं, स्त्री, दहा दिवस.

संध्याकाळी साहेब आले. नावं एकशे बारा, ओळी एकशे तेरा. “जुळवून घ्या,” ते म्हणाले, “नावाशिवाय ओळ धरत नाहीत.” मला कुणी दम दिला नव्हता. मला फक्त परतीच्या जीपमध्ये जागा हवी होती आणि कोरडे कपडे हवे होते. मी खोडरबर घेतला आणि ती ओळ पुसली. दमट कागद तिथं थोडा फाटला. त्यानंतर हजारो कागद हाताखालून गेले, पण तेवढी एक फाटलेली जागा मला अजून दिसते.

ती बाई म्हणजे महादेवी. आमच्या क्लासच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ आहे आणि मी तीन वर्षं तिथंच जेवतो. पहिल्याच महिन्यात ती वाढता वाढता जेवायला बसलेल्या क्लासच्या मुलींना म्हणाली होती, “माझ्या माहेरात पाच गेली. सरकारात चारच हायत.” गाव सांगितलं, तेव्हा मी ताटातल्या पिठल्याकडे बघत राहिलो. तिनं मला ओळखलं नाही. शेडमधल्या पोराच्या डोक्यावर केस होते. सांगितलं तर ती कसं बघेल, या धास्तीनं मी गप्प राहिलो आणि रोज तिच्या हातचं खात राहिलो. याला भित्रेपणा म्हणतात, दुसरं नाव शोधत बसायची गरज नाही.

मृण्मयी चहाला गेली तेव्हा मी एक ओळ लिहिली. चार नावं आणि पाचव्या जागी NA. नावं अवतरणचिन्हांत आली, NA मात्र तसंच उघडं. खाली length विचारलं आणि कागद छापून घेतला.

“हे कुठल्या बॅचचे, काका?” परत आलेल्या मृण्मयीनं विचारलं.

“जुन्या,” मी म्हणालो.

दुपारी तीनला खानावळ रिकामी होती. महादेवी मेथी निवडत बसली होती.

“लई उशीर केला, सर. बसा, भाकर टाकते.”

“भाकर राहू द्या. महादेवीबाई, भूकंपानंतर तुमच्या गावच्या शेडमध्ये यादी लिहायला बसलेला माणूस मी होतो.”

तिचे हात थांबले. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. शिव्या देईल असं वाटलं, त्या मला चालल्या असत्या.

“म्या नाव सांगितलं न्हाई,” ती म्हणाली. “म्हनून तुमी तिला लिवलं न्हाई. माझंच चुकलं ते. रीत धरून बसले अन् लेकरू यादीतून ऱ्हायलं.”

हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी आपलं पाप आपल्यापाशी आहे असं धरून चाललो होतो, आणि ते इतकी वर्षं तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. मला माझी लाज वाटली. त्या दिवशी पुसताना वाटली नव्हती इतकी.

“तुमचं काही चुकलं नाही. मी लिहिलं होतं तिला. रेघ ओढून, वय घालून. संध्याकाळी साहेबांनी ओळ कमी करायला सांगितली आणि मी पुसली. माझ्या हातानं.”

“लिवलं व्हतं?”

“हो.”

“किती येळ?”

मला कळलं नाही.

“किती येळ व्हती ती कागदावर?”

मी आठवून बघितलं. “तुम्ही सकाळी दहाच्या सुमाराला आला होता. दिवस मावळेपर्यंत होती.”

“म्हंजे दिसभर,” ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. मला माफ केलं असं ती काही म्हणाली नाही.

मी कागद पुढे केला. “आता नाव सांगता? इथं घालून देतो.”

“आत्या बी गेली मागल्या साली. कानात कोन सांगनार? ऱ्हाऊ द्या तसंच.” तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. चार नावांवरून बोट फिरवत ती NA वर थांबली. “ही का ती?”

“हीच.”

बोट खाली length च्या आकड्यावर गेलं. “पाच,” ती म्हणाली. “बराबर हाय.”

तिनं कागद पिठाच्या डब्याखाली सरकवला, चूल पेटवली आणि मला न विचारता भाकरी थापायला घेतली. मी पाटावर बसलो. ताट आलं. रोज सगळ्यात आधी मीठ वाढणारी ती आज मीठ वाढायचं विसरली होती. मी मागितलं नाही.