आबांना विचारायचं

'पदवी मिळाल्याची तारीख भरा,' स्क्रीनवर तिसऱ्यांदा लाल अक्षरं आली आणि प्रतिभानं कपाळाला हात लावला. ती अक्षरं तिनंच लिहिलेली. दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडायचीही सोय नव्हती.

दौंडच्या दोन भाड्याच्या खोल्यांतून ती पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सांभाळायची. विद्यापीठात झालेलं संशोधन कपाटात धूळ खात न पडता कुणालाही, कुठूनही, फुकट वाचता यावं, एवढंच ते काम. तीन वर्षांपूर्वी लोक अर्धेमुर्धे प्रबंध आत ढकलायला लागले, तेव्हा बैठकीत तिनंच ठणकावून सांगितलं होतं, की पदवीची तारीख नसेल तर प्रबंध आत घ्यायचाच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकट्या भावानं, मल्हारनं, मात्र घरी तिची चांगलीच फिरकी घेतली.

"ताई, तुझं सॉफ्टवेअर लई खडूस हाय बघ. अर्ध्या वाटंवरच्या माणसाला पाणीबी पाजत न्हाई."

"आधी पुरं कर, मग पाणी माग," ती हसून म्हणाली होती.

त्याचं पुरं झालं नाही. मेंढपाळांच्या चराईच्या वाटा आणि त्या वाटांवरची गवतं, हा त्याचा विषय. पाचातली चार प्रकरणं लिहून झाली होती. फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो दुचाकीवरून दौंडहून कवठे येमाईला, घरी निघाला आणि न्हावऱ्याच्या अलीकडे रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागं साधा दिवा नव्हता. त्या दिवसापासून प्रतिभाला ते हसणं आठवलं की जेवण गोड लागत नसे.

"झालं का गं?" भैरूआबांनी विचारलं. मल्हारचं पुस्तक आज चढवणार म्हणून ते सकाळच्या एसटीनं निघून, शिरूरला गाडी बदलून आले होते. पटका काढून मांडीवर ठेवला होता. सदऱ्याच्या खिशात मल्हारचा मोबाइल होता. आबा तो रोज चार्जिंगला लावायचे. कुणी फोन करून मल्हारला विचारलं, की "त्यो न्हाई आता, मी त्याचा बाप बोलतुया" एवढं सांगायचे आणि पलीकडचा माणूस काय बोलेल ते ऐकून घ्यायचे.

"न्हाई आबा. पदवीची तारीख मागतंय."

"मग?"

"कुठलीबी टाकली तरी घेईल. माझ्याच हातात हाय सगळं. कुणाला कळायचं न्हाई."

आबांनी हात आडवा केला.

"खोटी नगं, बाय. चार वरसं उन्हातान्हात हिंडलाय त्यो. जेवढं हाय तेवढं खरं हाय त्याचं. कमी हाय तर कमी म्हण."

प्रतिभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ग्रंथालय प्रमुख राजनंदिनी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, तो नियम मी चुकीचा केला. भावाचं काम अडलं म्हणून आज कळतंय, हेही खरं आहे."

"अपूर्ण संशोधन असा वेगळा विभाग करू या," मॅडम थोडा विचार करून म्हणाल्या. "पण एकट्या मल्हारसाठी नाही. सगळ्यांसाठी. समितीपुढं मी ठेवते."

विभाग व्हायला दीड महिना गेला. शोध घेतला तर असे आणखी सहा जण निघाले. कुणी आजारपणात थांबलेलं, कुणी लग्नात. मल्हारच्या मार्गदर्शकांनी संमती दिली, वारस म्हणून आबांनी सही केली. मग एका रविवारी आबा पुन्हा दौंडला आले आणि त्याच खुर्चीवर, तसाच पटका मांडीवर घेऊन बसले.

पदवीच्या तारखेच्या जागी आता 'शेवटचं काम केल्याची तारीख' हवी होती. ती फाइललाच ठाऊक होती. फेब्रुवारीतला तोच दिवस, दुपारी चार चाळीस. प्रतिभानं ती भरली तेव्हा तिला अक्षरं धड दिसत नव्हती.

एक गोष्ट तिनं आबांपासून लपवून ठेवली होती. चौथ्या प्रकरणात एका वाळक्या गवताचा फोटो होता. शेजारी 'स्थानिक नाव' असं लिहून मल्हारनं पिवळ्या रंगात टीप ठेवली होती, 'आबांना विचारायचं.' अपघाताच्या संध्याकाळी त्याच्या पिशवीत त्याच गवताची जुडी सापडली होती.

तिनं टीप तशीच राहू दिली आणि बटण दाबलं. लाल अक्षरं आली नाहीत. तेवढ्यात आबांच्या खिशात मोबाइल वाजला.

"मल्हारला कायतरी आलंय गं. वाच."

संशोधन आत गेलं की लेखकाला आपोआप पत्र जातं. तेही तिनंच लिहिलेलं, आणि थांबवायचं राहून गेलेलं. वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"प्रिय मल्हार, आपलं संशोधन आजपासून सर्वांसाठी खुलं झालं आहे. अभिनंदन. काही माहिती अपुरी राहिली असल्यास तीस दिवसांत कळवावी."

"राहिलीया का काय अपुरी?"

आता लपवणं तिच्यानं होईना. तिनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवली.

"एका गवताचं नाव राहिलं, आबा. तेच तुम्हाला विचारायला निघाला होता."

आबा पुढं वाकले. फोटोवरून, गवताच्या काडीकाडीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ह्येच्यासाठी?" ते म्हणाले. "फोनवर इचारायचं हुतं की रं."

मग त्यांनी तिच्या हातातला मोबाइल घेतला आणि तोंडाजवळ नेला. "पवन्या हाय ह्यो, मल्हार. वाळल्यावर वळखू येत न्हाई."

मोबाइलचा उजेड केव्हाच गेला होता. आबा तो तसाच कानाला लावून थोडा वेळ बसले, फोनवर कुणाचं ऐकून घ्यायचे तसे.

प्रतिभानं पदरानं डोळे पुसले आणि कीबोर्ड पुढं ओढला. भावाची टीप तिनं पुसली नाही. 'आबांना विचारायचं' याच्या पुढं तिनं एवढंच लिहिलं, 'विचारलं. पवन्या.'