वासाचा रकाना

माती तपासनीस दुपारी जेवायला घरी आले, बूट काढायला दारात वाकले, आणि बायकोने नाक दाबलं.

"अहो, ते बाहेरच राहू द्यात! रॉकेलात बुडवून आणलेत की काय?"

तपासनिसांनी बूट उचलून नाकाशी धरला. त्यांना कसलाच वास येत नव्हता. सहा महिन्यांपूर्वीच्या तापात त्यांचं नाक गेलं ते गेलंच, आणि ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. ती ओट्याशी दिसली की ते सवयीने म्हणत, "वा, काय घमघमाट!" एकदा दूध करपलेलं असतानाही ते हेच म्हणाले होते. तो टोमणा समजून तिने दोन दिवस अबोला धरला होता.

शहराबाहेरच्या माळावर दोनशे घरं व्हायची होती. त्याआधी जमिनीत काही विषारी मुरलेलं नाही ना, हे बघायचं काम त्यांच्या ऑफिसकडे होतं. बारा खड्डे घ्यायचे, प्रत्येकातली मूठभर माती नाकाशी धरायची आणि वहीतला वासाचा रकाना भरायचा. वास आला तरच ती माती प्रयोगशाळेत जायची. तीस वर्षं ऑफिसात त्यांच्या नाकाचा शब्द शेवटचा होता. आज सकाळी त्यांनी बारा वेळा माती नाकाशी धरली, बारा वेळा डोळे मिटले आणि बारा वेळा लिहिलं : वास नाही.

चार वाजता ऑफिसच्या मोठ्या मॅडम अहवालावर सही करणार होत्या.

"चपला घाल," ते म्हणाले. "माझ्याबरोबर चल."

"आणि जेवण?"

"आल्यावर."

माळावर चिटपाखरू नव्हतं. खड्ड्यांशेजारी नंबरांच्या काठ्या रोवल्या होत्या. बायको पहिल्या खड्ड्याशी वाकली, दुसऱ्याशी वाकली.

"माती आहे, दुसरं काय? लग्नात म्हणाला होतात, जग दाखवीन. ते हे होय?"

तपासनीस हसले नाहीत. सहाव्यापर्यंत काही नव्हतं. त्यांना जरा धीर आला. सातव्याशी ती वाकली आणि झटक्यात मागे सरली. आठव्याशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवव्याशी ती गेलीच नाही.

सातव्यापासून जमीन उतरती होती. उतार तारेच्या कुंपणापर्यंत जात होता आणि कुंपणापलीकडे जुन्या घरांची रांग होती. तिथल्या हातपंपावर एक बाई बादली भरत होती.

बायको कुंपणापर्यंत चालत गेली. "इथेही येतोय," ती म्हणाली. मग सावकाश वळली. "खरं सांगा. सकाळी हा वास तुम्हाला आला नाही?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग ते दूध करपलं तेव्हा..."

"तेव्हाही नाही."

"आणि मी मूर्ख, दोन दिवस फुगून बसले."

"नोकरी जाईल गं."

"जाईल," ती म्हणाली. "फोन लावा."

दोनदा चुकीचा नंबर लागला.

"मॅडम, सही करू नका. सातव्याच्या पुढची जमीन खराब आहे. पंपाचं पाणीही तपासायला हवं."

"पण वहीत तर 'वास नाही' लिहिलंय. तुमच्या नाकावर मी डोळे झाकून सही करते."

"म्हणूनच सांगतोय. नाक गेलंय माझं. सहा महिने झाले."

एवढं बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरेल असं त्यांना वाटलं होतं. पण पलीकडून कागद चाळल्याची सळसळ आली.

"सहा महिने?" मॅडमचा आवाज बारीक झाला होता. "मग त्या नव्या शाळेचं मैदान? ते तुम्हीच तपासलं होतंत ना? मुलं खेळतात तिथे."

त्या मैदानाची वही तपासनिसांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. नऊ खड्डे. वासाच्या रकान्यात नऊदा तेच दोन शब्द, त्यांच्याच वळणदार अक्षरात.

कुंपणाशी बायको दोन्ही हात हलवत ओरडत होती, "अहो ताई, ते पाणी नका पिऊ!" पण वारा उलटा होता. ती बाई बादली उचलून घरात गेली.