देणं नसलेल्याची सूट

आमच्या गावच्या वाचनालयात दर मंगळवारी मी लोकांचे कराचे कागद फुकट भरून देते. त्याआधी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे कुणी कितीही आरडाओरडा केला तरी मला काही होत नाही. आमचा खरा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. यंदा मात्र डिसेंबरातच रांग लागली, कारण हीट पंप, म्हणजे घर गरम ठेवणारं विजेचं यंत्र, बसवणाऱ्याला करात मिळणारी सूट सरकार बंद करणार होतं. एकतीस तारखेच्या आत यंत्र भिंतीवर बसून चालू झालं पाहिजे, नुसते पैसे भरून चालणार नाही, हे मी त्या महिन्यात इतक्या वेळा सांगितलं की झोपेतही तेच बडबडते अशी नवऱ्याची तक्रार होती.

ओनेझिम ड्युबे त्या रांगेत शेवटचा होता. माझ्या थोरल्या भावाचा दोस्त, वय शहात्तर. नोव्हेंबरात लाकडांच्या ओझ्यासकट अंगणात घसरला आणि दीड तास बर्फात पडून राहिला. टपालवाल्यानं पाहिलं म्हणून वाचला. डॉक्टरनं लाकडाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं, आणि फ्लोरिडातल्या मुलीनं फर्मान काढलं: लाकडाशिवाय घर गरम राहायची सोय दाखवा, नाहीतर नाताळनंतर घर विकून माझ्याकडे चला.

"फ्लोरिडात माणसं बाहेर पडत नाहीत, फ्रिजमधल्या भाजीसारखी घरात बसतात," ओनेझिम म्हणाला. "मी तिथे महिनाभरात मरेन. यंत्रं बसवणाऱ्या ट्रॅव्हिसकडून हीट पंप घेतोय. एकोणतीस तारीख राखून ठेवलीय त्यानं. दोन हजार डॉलर कमी पडतायत, पण तेवढे तर सरकारच देणार. चेक कधी येईल तेवढं सांग."

मी त्याचे गेल्या वर्षीचे कागद उलटले आणि तळाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"ओनेझिम, तू कर किती भरतोस?"

"एक सेंटही नाही!" तो खुर्चीत ताठ झाला. "माझी पेन्शनच तेवढी. सरकारचं काडीचं देणं लागत नाही मी. बापानं शिकवलंय."

"तेच तर झालंय ना! अरे, चेक येत नाही. ही करातली सूट आहे. देणं असेल तर त्यातून सूट मिळते. तुझं देणंच नाही, मग सूट कशातून देणार? शून्यातून?"

त्यानं टोपी घातली, काढली, परत घातली.

"म्हणजे जो देणेकरी त्याला बक्षीस, आणि जो चोख त्याला ठेंगा?"

"कायदा मी नाही केला."

"तुझ्याकडे यायलाच नको होतं मी," असं पुटपुटून तो उठला. चालीवरून तो एकदम थकलेला दिसला. मला त्याचा राग आला, कायद्याचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. माणसाच्या तोंडावर मी 'शून्य' म्हणून मोकळी झाले होते. तो दारापर्यंत गेला तेव्हा मला क्लॉदेत आठवली.

क्लॉदेत त्याची धाकटी बहीण. कागद गिरणीच्या कचेरीत पगारपत्रकं करते, चांगला कर भरते, आणि त्याच घरात राहते. तो वर, ती खाली. अकरा वर्षांपूर्वी आई गेली आणि मृत्युपत्रात अख्खं घर मुलाच्या नावावर निघालं. आईची शेवटची सात वर्षं तिची सगळी सेवा क्लॉदेतनं केली होती. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. जे काय सांगायचं ते जिन्याच्या दारावर चिठ्ठी चिकटवून: 'पाइप गोठलाय.' 'मांजर तुझ्याकडे आहे का?'

"थांब!" मी ओरडले. वाचनालयातल्या सगळ्या माना वर झाल्या. "यंत्र जो विकत घेतो आणि त्या घरात राहतो, सूट त्याला मिळते. घर कुणाच्या नावावर आहे ते कुणी विचारत नाही. क्लॉदेतनं पैसे भरले, पावती तिच्या नावाची झाली, तर तिच्या करातून दोन हजार सुटतील."

"तिला मी विचारू?" ओनेझिमचा आवाज चिरकला. "त्यापेक्षा फ्लोरिडा बरी."

मग मीच गेले, शनिवारी. क्लॉदेतनं प्लोयची, म्हणजे आमच्याकडच्या कुट्टूच्या धिरड्यांची, गरम चळत आणि लोणी पुढं ठेवलं, कॉफी ओतली. ओनेझिम जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिला, परक्या घरी आल्यासारखा. मी सगळं समजावलं. क्लॉदेतनं हिशेबनीसाच्या थंड नजरेनं ऐकून घेतलं.

"पैसे आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "प्रश्न पैशाचा नाही. घर त्याचं. दुसऱ्याच्या भिंतीवर मी सात हजारांचं यंत्र का ठोकू? उद्या त्यानं विकलं तर मी काय भिंत उचलून नेऊ? सांग त्याला."

"तिला सांग, विकायचं नाही म्हणून तर हे चाललंय," जिन्यावरून आवाज आला.

"त्याला सांग, चांगलं ठाऊक आहे मला."

"तिला सांग, विजेचं बिल मी भरेन."

"मी काय टेलिफोन आहे तुमचा?" मी काटा ताटलीवर आपटला. "शाळेच्या बसमध्ये असली पोरं मी पुढच्या बाकावर बसवायची! क्लॉदेत, मी यादीतले प्रश्न विचारते. मार्चमध्ये कागदावर लिहायचीच आहेत, आजच उत्तरं दे. नाहीतर सरळ नाही म्हण, मी निघते."

तिनं माझा कप परत भरला. मी यादी काढली.

"यंत्र नवीन?"

"नवीनच असणार."

"हे तुझं घर आहे का?"

हा प्रश्न मी त्या महिन्यात चाळीसएक लोकांना विचारला होता. विचारायचं एवढंच असतं की तुम्ही तिथे राहता, की ती सुट्टीतली झोपडी आहे. लोक पुढचा प्रश्न ऐकत ऐकत 'हो' म्हणतात. क्लॉदेतनं टेबलावरचा चुरा गोळा केला, बोटानं एका जागी आणला.

"मला नाही माहीत," ती शेवटी म्हणाली. "त्याला विचार."

"प्रश्न तुला आहे."

"अगं, त्यालाच विचार ना! त्याला माहीत."

मी जिन्याकडे वळले, पण तोंड उघडायच्या आत ओनेझिम पायरी उतरून स्वयंपाकघरात आला होता. टोपी त्याच्या हातात होती, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

"क्लॉदेत," तो म्हणाला. अकरा वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून निघालं, आणि त्याचं त्यालाच ते जड गेलं. "हो लिही. आईनं चूक केली. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही, कारण मला फायदा होता. लिही, हो."

क्लॉदेतनं नाक पुसलं. माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि स्वतःच त्या चौकोनात खूण केली, इतकी दाबून की कागद फाटतो की काय असं मला वाटलं.

"ट्रॅव्हिसला सांग, पावती माझ्या नावाची," ती मला म्हणाली. "एकोणतीसला मी गिरणीतून रजा घेते."

"पुढचे प्रश्न राहिलेत," मी म्हटलं.

"ते मार्चमध्ये." तिनं ओनेझिमसाठी खुर्ची ओढली. "इव्हॉन, तू आता घरी जा. आम्हाला बोलायचंय."