शेळी छपरावर चढती तवा

माझं तोंड लई चालतं, असं अख्खं तळेगाव ढमढेरे म्हणतं. म्हणू द्या. बोलणाऱ्याची बोरं विकत्यात, मी तर बांगड्या विकते. चाळीस वर्सं बाजारात पाल ठोकून बसले, पण कुण्या लेकीबाळीच्या हातात माझ्याकडनं बांगडी वाढली न्हाई. फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. त्यातलं निम्मं कसब बोटांचं, निम्मं गोष्टीचं. हात भ्यालेला असला की अंगठ्याचं हाड ताठ राहतं. मग मी सवतीच्या शेळीची गोष्ट काढायची. शेळी छपरावर चढली की बाई हसायची, हात सैल पडायचा आन् तेवढ्यात बांगडी मनगटात! शेळीला कवा चढवायचं ते माझ्या बोटांना कळायचं.

मग बोटांचे सांधेच सुजले. काम सुनेवर आलं, सुफियावर. तिचा हात मऊ, पण तोंडात कायम मिठाची गुळणी. सत्त्याण्णव साली तिचं पोटातलं मूल सातव्या महिन्यात गेलं, तवापासनं तर घरात हाय का न्हाई तेबी कळंना. तिला हसवायला मी शेळीची गोष्ट सांगितली, तर ती हसलीबी न्हाई. मला तर रागच आला होता.

अठ्ठ्याण्णव साली भांडगावच्या सोजरबाईनं बोलावणं धाडलं. तिच्या लेकीचं, गौतमीचं, दुसऱ्या दिवशी लग्न. पोरगी सणसवाडीला एका कंपनीत कामाला होती, तिथं पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये उजवा हात सापडला. बोटं वाचली, पण पंजा आखडला. आमच्या आधी दोघी बांगडीवाल्या हात टेकून गेल्या होत्या.

सोजरबाई म्हणाली, "सुलतानबी, त्या हातात मोठ्या मापाच्या घाला. न्हाईतर रिकामा राहू द्या, पदराखाली झाकंल."

"झाकायचा न्हाई," गौतमी म्हणाली. "दोन्ही हात सारखे भरा, न्हाईतर एकबी भरू नका."

डावा हात सुफियानं बघता बघता भरला. उजव्याला मी म्हणलं, तू हात धर, मी गोष्ट सांगते. झकास सांगितली. शेळी छपरावर चढली, पोरगी हसली आन् बांगडी वाढली. दुसरी वाढली. तिसरीला रगत आलं. सोजरबाईचं तोंड पांढरंफटक पडलं.

"अगं, शेळी चढली की दाबायचं!" मी सुफियावर खेकसले.

"अम्मी, तुमची शेळी चढती तवा हिचा हात तयार नसतो. तुमाला कसं कळंल? हात माझ्याकडं हाय."

घ्या! वर तोंड करून बोलली की! मी काही म्हणायच्या आत तिनं रगत पुसलं, तो आखडलेला पंजा मांडीवर घेतला आन् हळू विचारलं, "गौतमी, त्या दिवशी काय झालं गं?"

मांडवाच्या घरात हे काय विचारायचं?

गौतमीनं त्या पंजाकडं बघितलं. मग म्हणाली, "सकाळची पाळी होती. आईनं डब्यात शेंगाची पोळी दिली होती. ती कवा खायची, तेच डोक्यात होतं."

"मग?" सुफियाचा अंगठा तिचा तळवा चेपत होता.

"मग सगळे धावत आले. आई म्हणाली, आता लग्नाचं कसं व्हायचं? मामा म्हणाला, भरपाईसाठी सायबाला भेटू. पण दुखतंय का, असं कुणी विचारलं न्हाई."

"दुखलं?"

"लई दुखलं गं!" गौतमी म्हणाली आन् ढसाढसा रडली. बांगडी मनगटात कवा गेली ते आमी कुणी बघितलंबी न्हाई.

सोजरबाई उंबऱ्यावरनं उठली आन् लेकीला मागनं धरून बसली. 'मग?' 'मग?' करत सुफियानं चुडा पुरा भरला. दोन्ही हात एका मापाचे.

परत येताना चौफुल्यावरनं न्हावऱ्याच्या जीपमध्ये बसलो तवा मी घुश्श्यातच होते. चाळीस वर्सांची माझी शेळी त्या दिवशी कामाला आली न्हाई, याचाच राग. मग सुफियाकडं बघितलं. मांडीवर बांगड्यांची पेटी धरून ती बाहेर बघत होती. मला आदल्या सालचं आठवलं. दवाखान्यातनं आणली त्याच सांजंला मी तिच्या उशाला बसून शेळीची गोष्ट सांगितली होती. सगळी, छपरापतुर.

"सुफिया," मी म्हणलं, "तवा लई दुखलं का गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. पेटी घट्ट धरली. मग बोलाया लागली.

न्हावरं आलं, उतरलो, तळेगावची जीप धरली. ती सांगतच होती. मी आपली नुसतं 'मग?' म्हणत राहिले.